सही करवत नाही, आणि नाही म्हणवतही नाही

पत्र: माझं माहेर चोपडा तालुक्यात, सासर शिरपूरकडे. आप्पांना जाऊन दीड वर्ष झालं. मृत्युपत्र काही केलेलं नव्हतं. सहा एकर शेती आहे, त्यात केळी आणि कपाशी. सातबाऱ्यावर आता माय, दादा, अक्का आणि मी अशी चौघांची नावं लागली आहेत. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तर दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर दादाने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. 'बाई, फक्त सही कर, सगळ्याच बहिणी करतात.' अक्का राजी आहे. माय म्हणाली, 'करी टाक ना, माय.' मी 'बघते, पुढच्या महिन्यात येते' म्हणून निघून आले. सही करायला हात होत नाही आणि दादाला नाही म्हणवत नाही. जमीन घेऊन मी करणार काय, हेही खरं. मग हे आहे तरी काय? मी हावरट झाले का? नुसतं जिवावर येतंय म्हणून टाळतेय का? की शेवटी नाइलाजाने सही करायचीच आहे, तर उगाच लांबवतेय? लोक काय म्हणतील याचीही धास्ती आहे. काय करू?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी काही शब्दांखाली रेघ मारत गेले. हात होत नाही. म्हणवत नाही. जिवावर येतंय. नाइलाजाने. एकाच सहीबद्दल तुम्ही हे सगळं लिहिलं आहे आणि वर 'हे आहे तरी काय' असंही विचारलं आहे. सही करायची की नाही हे त्याच्यानंतर येतं. आधी हेच ठरवू, कारण यातला प्रत्येक शब्द वेगळी अवस्था सांगतो आणि प्रत्येक अवस्थेत करायचं ते वेगळं असतं. जिवावर आलेलं काम उठून करून टाकायचं असतं. भिडेपोटी होणारं काम थांबवायचं असतं. दोन्हींना आपण 'मन होत नाही' असंच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

'हावरट' हा शब्द मात्र आधी बाजूला काढते. तो तुमचा नाही. हिस्सा मागणाऱ्या बहिणीसाठी तो गावात तयारच ठेवलेला असतो, आणि तुम्ही तर अजून काही मागितलेलंही नाही. कायद्याने तुमच्या नावावर जे लागलं आहे ते सोडायला तुम्ही का-कू करताय, इतकंच झालं आहे. तेवढ्यावरून तुम्ही स्वतःला तो शब्द लावून घेतलात, याचं मला वाईट वाटलं.

आता जिवावर येणं. जिवावर येतं ते कंटाळ्याचं, कष्टाचं काम. वैशाखाच्या उन्हात दुपारी बसस्टँडवर उभं राहणं जिवावर येतं. रात्री दहाला पाहुणे आले की पुन्हा पीठ मळायला घेणं जिवावर येतं. करून टाकलं की माणूस ते विसरतो, मागे सल राहत नाही. तुमचं तसं आहे का ते सहज तपासता येतं. दादा स्वतः कागद घेऊन आला, तुम्हाला कुठे जायचं नाही, यायचं नाही, बसल्या जागी काम होतंय, तर सही झाली असती का? आखाजीला नेमकं हेच घडलं. कागद समोर, पेन समोर, घरची सगळी बसलेली. तरी हात पुढे झाला नाही. तेव्हा आळस, कंटाळा, चालढकल यातलं काहीही तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका.

नाइलाज हा शब्द त्याहून जपून वापरायला हवा. ज्याला इलाज नाही तो नाइलाज. पेरलेलं उगवलं नाही आणि पाऊस उशिरा आला, की कर्ज काढून दुबार पेरणी करायची, तो नाइलाज. वादळाने उभी केळीची बाग एका रात्रीत आडवी केली, की व्यापारी देईल त्या भावाला घड द्यायचे, तो नाइलाज. तुमच्यापुढे तसं काय आहे? अमुक दिवसांत बहिणींनी हक्क सोडलाच पाहिजे असं कोणताही कायदा सांगत नाही. सही केली नाहीत तर सातबाऱ्यावर चार नावं आहेत ती चारच राहतील. दादा आज शेती करतो तशीच उद्याही करेल. फार तर कर्ज काढताना किंवा जमीन विकताना त्याला तुम्हा तिघींना विचारावं लागेल. ही त्याची खरी अडचण असू शकते आणि तिच्यावर वेगळे उपाय आहेत, त्यांचं पुढे सांगते. पण ती अडचण त्याची आहे, तुमचा नाइलाज नाही. पुष्कळदा आपण 'नाइलाजाने केलं' म्हणतो तेव्हा इलाज होता, तो करायला कुणाला तरी दुखवावं लागणार होतं, एवढंच.

मग उरली ती भीड. तुमच्या पत्रात हा शब्द कुठेच नाही, पण सगळं पत्र तिनेच भरलेलं आहे. भीड म्हणजे भीती नव्हे. दादाला तुम्ही घाबरत नाही, तो मारणार-झोडणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या तोंडावर त्याला नको ते बोलायचं, त्याचा चेहरा पडलेला बघायचा, आणि तो आपल्यामुळे पडला हे सोसायचं, हे तुमच्याने होत नाही. ही भीड मायेतूनच येते, म्हणून ती ओळखायला कठीण जाते. वाटतं, माझं दादावर प्रेम आहे म्हणून मी गप्प आहे. प्रेम आहे हे खरंच आहे. पण गप्प आहात ती भिडेने. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणत आल्या ते उगाच नाही. स्वतःचं असलेलं भिडेने सोडायचं आणि पुढे अडीअडचणीला त्याच दारात हात पसरायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

लोक काय म्हणतील, ही लोकलाज. ती भिडेच्या मागून येते, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. चार महिन्यांत गावाला दुसरा विषय मिळतो.

एक बारकी गोष्ट दाखवते. मी वर्षानुवर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, म्हणून ती डोळ्यांत भरली. 'नाही म्हणवत नाही' असं तुम्ही लिहिलंत. व्याकरणात अशा क्रियापदाला शक्य क्रियापद म्हणतात. मला चालवत नाही, बघवत नाही, बोलवत नाही. करायची ताकद आहे की नाही एवढंच ते सांगतं. इच्छेबद्दल ते अवाक्षर काढत नाही. आता ही चार वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. मला सही करायची आहे. मला सही करावीशी वाटते. मला सही करावी लागणार आहे. माझ्याने नाही म्हणवत नाही. पहिली दोन वाक्यं तुमच्या अख्ख्या पत्रात कुठेही नाहीत. 'जमीन घेऊन मी करणार काय' असं आहे, पण त्यातून 'मला ती सोडायची आहे' असं निघत नाही. तिसरं वाक्य घरच्यांनी तुमच्या तोंडी घातलं. अहिराणीत 'करनं पडस' म्हणतात ते हेच. चौथं तुमचं स्वतःचं, आणि त्यात जी ताकद कमी पडतेय ती जमीन सांभाळायची नाही. एक शब्द उच्चारायची आहे. तुमचं मन तुम्हाला कळत नाही असं मुळीच नाही. ते आखाजीच्या दुपारीच ठरलेलं होतं. आत्ता तरी तुम्हाला ही सही करायची नाही.

ही अनिच्छा तुम्ही बोलून दाखवली पाहिजे असं मी का म्हणते, ते आता सांगते, कारण न बोलता सही केलीत तर तिला पुढे कुणी विचारणार नाही.

तो कागद तुम्ही पूर्ण वाचला नसेल. अशा कागदाच्या शेवटाकडे एक वाक्य ठरलेलं असतं, थोड्याफार फरकाने असं: सदरचे हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता, नशापाणी न करता लिहून दिले आहे. त्याच्या खाली तुमची सही, अंगठा आणि फोटो येणार. तुमचं पत्र आणि हे वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या पत्रातला एकही शब्द त्या कागदात नाही आणि त्या कागदातला एकही शब्द तुमच्या मनात नाही. पण सही झाली की खरा धरला जातो तो कागद.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. संमती मोकळी असली पाहिजे असं त्याने तेव्हापासून म्हटलं आहे आणि ती मोकळी नव्हती हे कशावरून धरायचं याच्या व्याख्याही दिल्या आहेत. कलम 15 मध्ये जबरदस्ती आहे: गुन्हा ठरेल असं कृत्य करणं किंवा तसं करण्याची धमकी देणं, किंवा बेकायदा मालमत्ता अडकवून ठेवणं. 'तुझं माहेर तुटेल' हे वाक्य काळजाला केवढंही लागलं तरी त्या व्याख्येत बसत नाही. कलम 16 मध्ये अनुचित प्रभाव आहे: दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवता येईल अशा जागी असलेल्या माणसाने तिचा गैरफायदा घेणं. थोरला भाऊ तशा जागी होता असं म्हणता येईलही, पण ते पुराव्याने शाबीत करावं लागतं, आणि घरातल्या माजघरात कोण काय बोललं याचा पुरावा आणायचा कुठून? फसवणूक आणि खोटी माहिती ही कारणंही कायद्यात आहेत, ती तुमच्या बाबतीत दिसत नाहीत. नाखुशी, भीड, लोकलाज, मन मारणं यातल्या एकाचंही नाव त्या यादीत नाही. भिडेने केलेली सही कायद्याच्या लेखी राजीखुशीचीच सही आहे.

एकदा नोंदणी झाली की तो कागद रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. त्याला साधारणपणे 3 वर्षांची मुदत असते, ती रद्द करण्याचं कारण कळल्यापासून मोजतात, आणि सिद्ध करायचं ओझं बहिणीवर असतं. सख्ख्या भावावर दावा. आज ज्याच्या तोंडावर एक 'नाही' म्हणवत नाही, त्याच्यासमोर तुम्ही तीन वर्षांच्या आत पिंजऱ्यात उभ्या राहाल? मला तसं वाटत नाही. म्हणून जे काय बोलायचं ते सहीच्या आधी.

तुमचा हक्क किती पक्का आहे तेही थोडक्यात. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा, असं तो सुरुवातीपासून सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीने देशभर मिळाला. महाराष्ट्राने तर 1994 मध्येच त्या दिशेने कायदा केला होता. 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते का, यावर बरीच वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात तशी गरज नाही असं सांगून तो मिटवला. लग्नात मुलीवर खर्च केला, हुंडा दिला, दागिने घातले, म्हणून हा हक्क संपत नाही. दादा 'तुझ्या लग्नात आप्पांनी किती केलं' असं म्हणाला तर हे लक्षात असू द्या. तेव्हा तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे ते कुणाच्या मेहेरबानीने नाही.

आता दादाचं बघू. मी त्याला खलनायक करायला निघालेले नाही. 'सगळ्याच बहिणी करतात' हे तो म्हणाला ते त्याने खरंच पाहिलं आहे. खानदेशात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, बाप गेला की वारसनोंद आणि वारसनोंद झाली की बहिणींच्या सह्या, हा रिवाज असल्यासारखा चालत आला आहे. शेतात राबणारा तो, मायचं औषधपाणी बघणारा तो, सोसायटीचं कर्ज फेडणारा तो. त्याच्या मनातलं हे तुम्ही ऐकून घेतलं पाहिजे. पण आखाजीला कागद काढायला नको होता, हे मी ठामपणे म्हणते. वर्षभर सासरी खपलेली लेक चार दिवस माहेरी येते, झोका खेळते, गौराईची गाणी म्हणते. त्या चार दिवसांत तिच्याकडे कुणी काही मागू नये. त्या दिवसांत तिला नाही म्हणणं सर्वांत जड जातं, आणि मागणाऱ्याने ते ध्यानात घेऊन मागितलं असेल तर ते बरं नाही झालं. ध्यानात न घेता मागितलं असेल तर त्याला ते कुणीतरी सांगायला हवं.

शिवाय तुम्ही जे बोललात ते त्याला कसं ऐकू गेलं असेल? 'बघते, पुढच्या महिन्यात येते.' त्याने ते 'हो' असंच ऐकलं असणार. आपल्याकडे आखाजीला पंगतीत खापरावरची पुरणपोळी आणि आमरस वाढायला आलेली वहिनी पहिल्या 'नको' ला कधी थांबते का? आपण नको नको म्हणतो, ती वाटीत रस ओततेच, आणि आपणही खातो. याला आपण आढेवेढे म्हणतो. आढेवेढे घेणाऱ्याचं शेवटी 'हो' असतं हे वाढणाऱ्याला आणि खाणाऱ्याला दोघांना माहीत असतं. तुमचं 'बघते' दादाने त्याच खात्यात टाकलं आहे. आणखी दोनदा 'बघते' म्हणालात तर तो आणखी दोनदा आग्रह करेल, त्यात त्याला गैर काही वाटणारही नाही. तिसऱ्यांदा तुम्ही नाही म्हणालात तर मात्र 'आधी हो म्हणाली होती, कुणीतरी कान भरले' असं होईल, आणि तो 'कुणीतरी' तुमचा नवरा किंवा सासू ठरेल. म्हणून आढेवेढे बंद. एकदाच, सरळ.

ते वाक्य 'मी'ने सुरू करा. 'मला जमणार नाही', 'माझ्याने होत नाही', 'घरचे नाही म्हणतात', 'यांना विचारावं लागेल' असं काही नको. अशा वाक्यात करणारी तुम्ही उरतच नाही, आणि समोरचा अडचण सोडवायला लागतो: जमत नाही तर गाडी पाठवतो, यांना मी फोन करतो. असं म्हणा: 'दादा, मी आत्ता या कागदावर सही करणार नाही. शेती तू करतोस, तूच कर, त्यात मी आडवी येत नाही. पण माझं नाव आहे तिथे राहू दे. तुझी अडचण काय आहे ते मला नीट सांग, आपण दोघं बसून त्यावर मार्ग काढू.' एवढंच. कारणं देऊ नका. कारण दिलं की ते खोडता येतं.

समोर बसून हे म्हणवणार नाही असं वाटत असेल तर समोर बसू नका. फोनवर बोला, नाहीतर चार ओळी लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि मग फोन करा. भीड असते ती चेहऱ्याची. चेहरा समोर नसेल तर ती निम्म्याने उतरते. यात लबाडी नाही. तुमचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याला धरून तुम्ही सोय करताय. पुढच्या महिन्यात माहेरी जाऊन बघू, असं मात्र करू नका, कारण तिथे तुम्ही पुन्हा त्याच ओसरीवर, त्याच माणसांमध्ये, मायच्या नजरेसमोर असाल.

मायबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, 'करी टाक ना, माय', आणि मला सगळ्या पत्रात तेच सर्वांत जड वाटलं. ती कुणाच्या बाजूने बोलली? दादाच्या, असं वरवर दिसतं. पण तिला राहायचंय दादाकडे, जेवायचंय वहिनीच्या हातचं, दवाखान्यात जायचंय त्याच्या मोटारसायकलवर बसून. ती तुम्हाला 'करू नको' कसं म्हणणार? तुमच्यापेक्षा मोठी भीड तिच्यावर आहे. आणि तिचंही नाव त्या सातबाऱ्यावर आहे, ते तुम्ही लिहिलंत पण त्यावर काही बोलला नाहीत. तिच्याकडूनही सही घ्यायची आहे का? घेतली असेल तर ती कसल्या कागदावर? हे तुम्ही विचारलंच पाहिजे. मुलांच्या नावावर सगळं करून दिल्यावर म्हातारीची किंमत कशी बदलते हे तुम्ही गल्लीत पाहिलं असेल. दादा तसा नसेल, नसावाच. तरी मायचं नाव तिच्या हयातीत निघता कामा नये, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि तुमचं नाव तिथे राहण्याचं हेही एक चांगलं कारण आहे. तुमचं नाव आहे तोवर तिचं काढणं सोपं जाणार नाही.

अक्काही 'राजी आहे' असं तुम्ही म्हणता. ती तुम्हाला तसं स्वतः म्हणाली, की दादाने सांगितलं? राजी असणं आणि खूश असणं यात अंतर आहे, म्हणून तर कागदवाल्यांना दोन्ही शब्द जोडून लिहावे लागतात. तिच्याशी एकदा एकटीशी बोला. तीही कदाचित तुम्ही राजी आहात असं ऐकून असेल.

याचा अर्थ हक्क सोडूच नये असा घेऊ नका. पुष्कळ बहिणी सोडतात आणि त्यातल्या काही खरोखर आनंदाने सोडतात. भावाची परिस्थिती हलाखीची आहे, आपलं चांगलं चाललंय, त्याने आईबापांचं सगळं केलं, तेव्हा हे त्याचं त्याला राहू दे, असं मनाने घेतलं तर ते देणं मोठं आहे आणि मी त्याला हात जोडते. कधी सोडताना त्रासही होतो. मनावर दगड ठेवून केलं असं आपण म्हणतो, पण तो दगड ठेवणारा हात आपला असतो, म्हणून पुढे पस्तावा होत नाही. मन मारून केलेलं तसं नसतं. ते दर राखीपौर्णिमेला, दर भाऊबीजेला, साडी हातात घेताना आठवतं. वहिनीने चहा उशिरा दिला तरी आठवतं. दादाचं मन मोडू नये म्हणून तुम्ही सही कराल आणि त्याच सहीमुळे तुमचं त्याच्यावरचं मन उडेल. माहेर तुटतं ते असंही तुटतं, कुणाला कळत नाही एवढंच.

दादाची अडचण नेमकी कळली की मधले मार्ग निघतात. पीककर्जासाठी संमती हवी असेल तर त्या कामापुरती संमती देता येते, त्यासाठी हक्क सोडायची गरज नाही. वाटण्या करून टाकायच्या असतील तर नीट वाटणीपत्र करून तुमचा वाटा तुमच्या नावावर करा आणि कसायला त्यालाच द्या, खंडाचं काय ते लिहून ठेवा. त्याला पूर्ण जमीन हवी असेल तर तुमच्या वाट्याची किंमत हप्त्याने देऊ दे. घर किंवा गोठ्याची जागा त्याला आणि शेतातला थोडा तुकडा तुम्हाला, असंही होतं. यातलं काय पटेल ते तुम्ही भावंडं बघा.

तोवर काही गोष्टी सांभाळा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर, कोऱ्या कागदावर, 'तलाठ्याकडे द्यायचाय' म्हणून आणलेल्या अर्जावर सही किंवा अंगठा करू नका. मुखत्यारपत्रावर तर नाहीच, कारण त्याच्या जोरावर तुमच्या वतीने दुसरा माणूस उभा राहू शकतो. शेतजमिनीतला हक्क सोडल्याचा कागद 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि तिथे तुम्हाला स्वतः हजर राहून तो लिहून दिल्याची कबुली द्यावी लागते. पण 'नोंदवलेला नाही, साधाच कागद आहे' असं कुणी म्हणालं तरी सही नको. घरात आधीच ठरलं होतं, असं दाखवायला तो पुढे येतो. सातबारा आणि आठ-अचा उतारा सरकारी संकेतस्थळावरून आजच काढून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघत चला. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, नोटीस आली तर 15 दिवसांत लेखी हरकत द्यायची असते. ती नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाऊन तिथेच राहू नये म्हणून तलाठ्याकडे तुमचा शिरपूरचा पत्ता नोंदवा.

वकिलाचा खर्च हा प्रश्न असेल तर तो मनातून काढा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. तिथे गेलात म्हणजे भावावर केस केली असं होत नाही. कागद दाखवून समजून घ्यायला जायचं. नवऱ्याला बरोबर न्या, पण बोला तुम्ही.

आणि दादाला फोन करायच्या आधी मायला करा. ती घरात एकटी असेल अशा वेळी. 'मी सही करणार नाहीये, पण तुला सोडून कुठे जाणार नाहीये, आणि तूही विचारल्याशिवाय कशावर अंगठा देऊ नको' एवढं तिला सांगा. दादाकडून तिला हे कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. ती रागावली तर रागावू द्या, फोन ठेवू नका. मग संध्याकाळी, तो शेतावरून येऊन हातपाय धुऊन बसला की, दादाला.